रेषेच्या पाठीवरचं नाव

प्लॉटरमधून कागद बाहेर सरकायला लागला की ऑफिसातली दोन-चार माणसं आपसूक त्याच्याभोवती जमतात. आधी शीर्षकाची चौकट दिसते, मग जिना, मग स्वयंपाकघर. सकाळी साइटवर पोचायचं ड्रॉइंग असतं. अर्धा कागद बाहेर आल्यावर कुणाच्या तरी लक्षात येतं, की बेडरूमच्या बाजूची मापाची रेषा भिंतीइतकीच जाड उमटली आहे. भिंत कुठली आणि माप कुठलं, हे साइटवरच्या मिस्त्रीने ओळखायचं कसं? रेषा योग्य जागी आहे, आकडा बरोबर आहे, लांबीही चोख आहे. झालं इतकंच, की ती काढताना भिंतीचा लेअर चालू राहिला होता. भिंती काढून झाल्या, मापं टाकायची घाई होती, आणि मधे लेअर बदलायचा राहून गेला.

आर्किटेक्टच्या ऑफिसात काही वर्षं काढलेल्या प्रत्येकाने हा कागद पाहिलेला असतो. मीही पाहिला आहे, कितीतरी वेळा. आरेखकाला त्यावरून बोलणी बसतात, आणि मला ते नेहमी अन्यायाचं वाटत आलं आहे. दरवाजा काढायचा तर दरवाजाचा लेअर, त्याचं नाव लिहायचं तर मजकुराचा, शेजारी फरशीची जाळी भरायची तर आणखी तिसरा. दिवसभरात ही अदलाबदल इतक्या वेळा होते, की माणसाचं लक्ष कुठेतरी निसटणारच. जी गोष्ट विसरणं स्वाभाविक आहे ती लक्षात ठेवण्याचं काम संगणकाकडे सोपवायला हवं. ते कसं सोपवायचं, आणि सोपवताना कुठे हात आवरायचा, हा या प्रकरणाचा विषय आहे. उदाहरण म्हणून ऑटोकॅड घेतो, कारण आपल्याकडच्या बहुतेक ऑफिसांत आणि आयटीआयच्या वर्गांत तेच शिकवलं आणि वापरलं जातं.

आधी लेअर म्हणजे नेमकं काय ते पाहू. शिकवताना सगळे एकच दाखला देतात: पारदर्शक कागदांची चळत. दाखला खोटा नाही. संगणक येण्याआधी मोठ्या ऑफिसांत असंच काम चालायचं. इमारतीचा मूळ आराखडा एका ट्रेसिंगवर, विजेचं काम दुसऱ्या, नळांचं तिसऱ्या. सगळ्या कागदांच्या वरच्या कडेला सारख्या अंतरावर भोकं पाडलेली असत, आणि टेबलावर खिळ्यांची पट्टी असे. भोकं त्या खिळ्यांत अडकवली की कागद केसभरही सरकत नसत. 1982 साली कॅलिफोर्नियातल्या ऑटोडेस्क कंपनीने ऑटोकॅड बाजारात आणलं, तेव्हा ड्रॉइंग बोर्डवर वाढलेल्या माणसांना ही चळत ओळखीची होती. लेअर हा शब्द त्यांना समजावून सांगावा लागला नाही.

पण फाइलच्या पोटात डोकावलं तर तिथे चळत कुठेच सापडत नाही. ऑटोकॅडला एखाद्या रेषेविषयी विचारलं, की तो एक यादी पुढे ठेवतो. यादीतल्या प्रत्येक माहितीला क्रमांक असतो. शून्य क्रमांकापुढे ती वस्तू काय आहे ते: रेषा, वर्तुळ, मजकूर. दहा क्रमांकापुढे रेषेचा आरंभबिंदू, अकरापुढे शेवटचा बिंदू. रेषेला स्वतःचा वेगळा रंग दिला असेल तर तो बासष्टपुढे. आणि आठ क्रमांकापुढे एक शब्द: लेअरचं नाव. बस, एवढंच. हजारो रेषा एकाच ढिगात पडलेल्या असतात आणि प्रत्येकीच्या पाठीवर एक नाव लिहिलेलं असतं. आपण ‘भिंतींचा लेअर बंद कर’ म्हणतो, तेव्हा कुणी कागद उचलून बाजूला ठेवत नाही. ज्यांच्या पाठीवर ते नाव आहे, त्या रेषा दाखवायच्या नाहीत, एवढंच ठरतं.

हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. लेअर बदलणं म्हणजे कागद बदलणं असं मनात धरलं, तर ते हाताचं काम वाटतं. ते नाव देण्याचं काम आहे असं धरलं, तर प्रश्न असा होतो: या रेषेला काय म्हणायचं हे कोण ठरवणार, आणि ते नाव तिच्या पाठीवर लिहिणार कोण? ठरवायचं माणसानेच. लिहायचं मात्र यंत्राने, कारण तिथे डोकं लागत नाही, फक्त न विसरणं लागतं.

नावांच्या पद्धतीसुद्धा बऱ्याच घोटून तयार झालेल्या आहेत. अमेरिकन आर्किटेक्टांच्या संस्थेने 1990 मध्ये लेअरच्या नावांची मार्गदर्शिका काढली, आणि 1998 मध्ये आयएसओ 13567 हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. अमेरिकन पद्धतीत नावाची सुरुवात शाखेच्या अक्षराने होते. ए म्हणजे आर्किटेक्चर, एस म्हणजे स्ट्रक्चर, ई म्हणजे इलेक्ट्रिकल. मग वस्तू: ए-वॉल, ए-डोअर. हवं तर शेवटी स्थिती सांगणारं एक अक्षर: एन म्हणजे नवीन, ई म्हणजे आहे ते ठेवायचं, डी म्हणजे पाडायचं. ए-वॉल-डी एवढं वाचलं की कळतं, ही भिंत आर्किटेक्टच्या अखत्यारीतली आहे आणि ती जाणार आहे. या शेवटच्या अक्षराकडे पुन्हा यायचं आहे.

आपल्याकडे या नावांना एक वेगळं वजन आलं ते बांधकाम परवानगीमुळे. पुण्याच्या सॉफ्टेक कंपनीची ऑटोडीसीआर ही प्रणाली पुणे, मुंबईसह अनेक महापालिकांनी वापरली. आर्किटेक्टने दिलेलं ड्रॉइंग ही प्रणाली वाचते आणि विकास नियंत्रण नियमांशी ताडून पाहते: समासातलं अंतर पुरेसं आहे का, चटई क्षेत्र किती वापरलं, जिना किती रुंद. पण तिला डोळे नाहीत. भूखंडाची हद्द कुठली आणि इमारतीची कड कुठली, हे तिला लेअरवरून कळतं. हद्द चुकीच्या लेअरवर असेल तर ती कितीही सुबक काढलेली असो, यंत्राच्या लेखी तिथे भूखंडच नाही. एरवी जाड-बारीक रेषेपुरती असलेली चूक इथे फाइल परत पाठवण्याचं कारण होते. ज्या आरेखकांनी कधी लेअरकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, ते या कारणाने शिस्तीला लागले. मला याचा मनापासून आनंद आहे. फक्त ती शिस्त त्यांच्या बोटांवर लादली जाऊ नये, साधनात यावी.

सुरुवात सगळ्यात छोट्या साधनाने करू. ऑटोकॅडच्या पट्टीवर आपलं स्वतःचं बटण बनवता येतं आणि त्या बटणामागे एक ओळ लिहिता येते. तिला मॅक्रो म्हणतात. भिंतीच्या बटणामागची ओळ, देवनागरीत लिहायची तर, अशी दिसेल:

^सी^सी_-लेअर;एम;ए-वॉल;सी;1;;;_पीलाइन

पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा टायपिंगचा गोंधळ वाटेल. तिचा एकेक अवयव पाहू. सुरुवातीचे दोन ‘कॅरेट सी’ म्हणजे जे काही चालू असेल ते सोडून द्या. डॉसच्या काळात ऑटोकॅडमध्ये आज्ञा रद्द करायला कंट्रोल आणि सी दाबायचे, त्याची ही खूण अजून टिकून आहे. दोनदा अशासाठी, की काही आज्ञांच्या आत आणखी एक पायरी असते आणि एका हाकेत बाहेर पडता येत नाही. मग अधोरेखा: इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतलं ऑटोकॅड असलं तरी इंग्रजी आज्ञा समजून घे, असं ती सांगते. त्यापुढची छोटी आडवी रेघ महत्त्वाची. ती नसेल तर लेअरची खिडकी उघडते आणि माणसाच्या क्लिकची वाट पाहत बसते. ती असली की सगळा संवाद आज्ञेच्या ओळीवर होतो, आणि ओळीवरचा संवाद आधी लिहून ठेवता येतो.

मॅक्रोत अर्धविराम म्हणजे एंटर. एम म्हणजे हा लेअर नसेल तर तयार कर आणि तोच चालू कर. मग नाव. मग सी म्हणजे रंग, आणि 1 म्हणजे लाल. ऑटोकॅडच्या रंगांच्या यादीत 1 लाल, 2 पिवळा, 3 हिरवा असा क्रम आहे. आता 1 नंतरचे तीन अर्धविराम पाहा. दिसायला सारखे, पण तिघांची कामं वेगळी. पहिला रंगाचा आकडा पक्का करतो. दुसरा, ‘हा रंग कुठल्या लेअरला?’ या प्रश्नाला उत्तर देतो: आत्ता चालू आहे त्यालाच. तिसरा लेअरच्या आज्ञेतून बाहेर पडतो. यातला एक जरी गळला, तरी ‘पीलाइन’ हा शब्द भिंत काढायच्या आज्ञेऐवजी लेअरच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून जातो आणि ऑटोकॅड तक्रार करतो. नवशिक्यांचे बहुतेक मॅक्रो इथेच अडतात. उपाय सोपा आहे: आधी तीच आज्ञा हाताने, कीबोर्डवरून चालवायची आणि प्रत्येक एंटरपाशी कागदावर एक टिंब काढायचं. जितकी टिंबं, तितके अर्धविराम.

असं एक बटण भिंतीला, एक दरवाज्याला, एक मापाला. आरेखकाच्या मनात ‘आता भिंत’ आलं, की त्याने भिंतीचं बटण दाबायचं. लेअर, रंग आणि आज्ञा तिन्ही एकदम लागतात. वस्तू मनात आणणं आणि तिचं नाव लिहिणं ही दोन कामं एका बोटाखाली आली. एखाद्या ऑफिसाने या प्रकरणातलं फक्त एवढंच उचललं, तरी जाड मापांचे कागद बहुतांशी थांबतील असं मला वाटतं. काही ठिकाणी तर बटणाचीही गरज नाही. 2016 च्या आवृत्तीपासून ऑटोकॅडमध्ये ‘डिमलेअर’ नावाची सेटिंग आहे. तिथे मापाच्या लेअरचं नाव एकदा दिलं की नवीन मापं आपोआप त्या लेअरवर जातात, चालू लेअर कुठलाही असो. जाळीसाठी तशीच ‘एचपीलेअर’ आहे. ज्यांच्याकडे या दोन्ही सेटिंग आहेत त्यांनी त्या आजच लावाव्यात.

स्क्रिप्ट ही मॅक्रोची मोठी बहीण. नोटपॅडमध्ये एकाखाली एक आज्ञा लिहायच्या, फाइलच्या नावाला ‘डॉट एससीआर’ शेपूट लावायचं, आणि ऑटोकॅडला ती फाइल वाचायला सांगायचं. नवीन प्रकल्पाला लागणारे पन्नास लेअर रंगांसकट एका दमात तयार करायला यापेक्षा सोपं काही नाही. जपायचं ते रिकाम्या जागेला. स्क्रिप्टमध्ये शब्दांमधली मोकळी जागाही एंटर मानली जाते. ओळीच्या शेवटी चुकून राहिलेली, डोळ्यांना न दिसणारी एक जागा म्हणजे एक जादा एंटर. आणि आज्ञा संपलेली असताना एंटर मिळालं, की ऑटोकॅड मागची आज्ञा पुन्हा सुरू करतो. तिथून पुढची प्रत्येक ओळ एक घर सरकते. लेअरच्या नावात मोकळी जागा ठेवायची नाही, छोटी रेघ वापरायची, हा जुन्या आरेखकांचा दंडक यातूनच आला असावा. आणखी एक: शेवटच्या ओळीनंतर एंटर द्यायचं विसरलं तर ती ओळ चालतच नाही, तिथेच ताटकळते.

मॅक्रो आणि स्क्रिप्ट या दोघींची एक मर्यादा आहे. त्या पाठ केलेलं म्हणतात. समोर काय आहे ते पाहून ठरवणं त्यांना जमत नाही. लेअर आधीच असेल तर एक, नसेल तर दुसरं, असं म्हणायचं असेल तर भाषा लागते. ती ऑटोकॅडमध्ये 1986 पासून आहे: ऑटोलिस्प. तिची आई लिस्प, जॉन मॅकार्थी यांनी 1958 च्या सुमारास एमआयटीमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनासाठी रचलेली. यंत्राने विचार करावा म्हणून जन्मलेल्या भाषेची लेक भिंती आणि खिडक्यांच्या संसारात रमली. अभ्यासक्रम शिकवतात त्यांनी हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावं. कंसांची भीती थोडी कमी होते.

कंस मात्र आहेत, आणि भरपूर आहेत. मला ऑटोलिस्पची पहिली ओळ फोनवर मिळाली. मी साइटवरच्या पत्र्याच्या ऑफिसात होतो. पलीकडे आमच्या ऑफिसातले सर्वांत जुने आरेखक. त्यांना सगळे काका म्हणत. ते एकेक अक्षर सांगत होते, “लिहा. कंस उघडा. सेटव्हार. जागा सोडा. अवतरणात सीलेअर. अवतरण मिटलं का? आता पुन्हा अवतरणात ए-वॉल. कंस मिटा.” मी एंटर दाबलं आणि वरच्या खिडकीतलं लेअरचं नाव बदललं. “काका, बदललं!” मी म्हणालो. “बदलणारच,” ते म्हणाले, “पण तुम्ही आधी कुठल्या लेअरवर होता ते विचारलंत का त्याला?”

त्यांचा प्रश्न हेच या विषयाचं मर्म आहे. ‘सीलेअर’ म्हणजे चालू लेअर. तो बदलणं एका ओळीचं काम. पण चांगल्या प्रोग्रामला चार गोष्टी कराव्या लागतात: आधी चालू लेअर कुठला ते विचारून लक्षात ठेवायचं, मग हवा तो लावायचा, मग आरेखकाला त्याची रेषा शांतपणे काढू द्यायची, आणि ती संपली की पहिला लेअर होता तसा परत लावायचा. शेजारच्या घरातून खलबत्ता आणला तर तो धुऊन, पुसून जागेवर ठेवायचा, तसं. काकांनी मला ही चार पावलं आधी मराठीत लिहायला लावली, मग त्यांचे कंस झाले. ‘गेटव्हार’ने जुनं नाव घ्यायचं, ‘सेटक्यू’ने ते एका डबीत ठेवायचं, ‘सेटव्हार’ने नवं लावायचं, ‘कमांड’ने पीलाइन सुरू करून ती संपेपर्यंत थांबायचं, आणि शेवटी पुन्हा ‘सेटव्हार’, डबीतल्या नावाने.

आठवडाभर हे छान चाललं. मग लक्षात आलं, की कधीकधी जुना लेअर परत येतच नाही. शोधता शोधता सापडलं, की आरेखक रेषा अर्धवट सोडून एस्केप दाबतो तेव्हा हे होतं. एस्केप दाबलं की चालू आज्ञेबरोबर आपला प्रोग्रामही तिथेच मरतो. तिसऱ्या पावलावर मेलेला प्रोग्राम चौथं पाऊल टाकणार कसा? खलबत्ता आपल्याच ओट्यावर राहतो. आणि आरेखक तर दिवसभर एस्केप दाबत असतो. त्याच्या डाव्या हाताची ती सवयच असते. त्यामुळे ज्या साधनावर विश्वास टाकून त्याने लेअरकडे पाहणं सोडलं, तेच साधन त्याला न सांगता चुकीच्या लेअरवर सोडून जातं. साधन नसताना होत होती त्यापेक्षा ही चूक वाईट, कारण आता कुणी लक्ष ठेवत नाही.

ऑटोलिस्पमध्ये याची सोय आहे. दोन्ही बाजूंना चांदणी लावलेलं ‘एरर’ नावाचं एक फलन असतं. प्रोग्राम कुठल्याही कारणाने मधेच थांबला, एस्केपने थांबला तरी, ऑटोकॅड जाता जाता या फलनाला हाक मारतो. तिथे एकच ओळ लिहायची: डबीत नाव असेल तर ते परत लाव. हे फलन आपल्या प्रोग्रामपुरतं स्थानिक ठेवायचं, म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्रामांत त्याची लुडबुड होत नाही. शिवाय लेअर लावण्याआधी तो ड्रॉइंगमध्ये आहे का ते पाहायचं, कारण नसलेल्या लेअरचं नाव दिलं तर ऑटोकॅड ते नाकारतो. गोठवलेला लेअरही चालू करता येत नाही; आधी तो वितळवावा लागतो. हे सगळं धरून प्रोग्राम पाच ओळींचा वीस ओळींचा होतो. त्या पंधरा जादा ओळी एकही रेषा काढत नाहीत. तरी माझ्या मते प्रोग्रामचा खरा दर्जा त्यांच्यातच असतो. इंटरनेटवरून उचललेला लिस्प प्रोग्राम मी सर्वांत आधी एरर शब्दासाठी चाळतो. तो नसेल तर बाजूला ठेवतो.

याही पुढे जाता येतं. व्हिज्युअल लिस्पमध्ये ‘रिअॅक्टर’ नावाचे पहारेकरी नेमता येतात. कुठलीही आज्ञा सुरू होणार, संपली किंवा रद्द झाली, की त्यांना वर्दी मिळते. आरेखकाने नेहमीसारखी मजकुराची आज्ञा दिली, की पहारेकरी गुपचूप मजकुराचा लेअर लावतो, आणि आज्ञा संपली की जुना परत. ना बटण, ना नवी सवय. ऐकायला हे सर्वांत सुंदर आहे, आणि मापं, मजकूर, जाळी यांच्यासाठी ते उत्तम चालतं, कारण तिथे आज्ञेवरूनच वस्तू कळते. रेषेचं मात्र तसं नाही. रेषा भिंतीचीही असते, पायरीचीही, गटाराचीही. ‘लाइन’ म्हटल्यावर पहारेकऱ्याने काय समजायचं? जिथे आज्ञेतून अर्थ कळत नाही तिथे पहारेकरी बसवू नये, आरेखकाला बटण द्यावं. बटणावर त्याचं बोट असतं, म्हणजे निर्णय त्याचाच राहतो.

एका धोक्याबद्दल इथे सांगायलाच हवं. ऑटोकॅड काही ठरावीक नावांच्या लिस्प फाइल आपणहून वाचतो, विचारत नाही. ऑफिसाची बटणं आणि आज्ञा सगळ्या संगणकांवर आपोआप याव्यात म्हणून ही सोय. पण दाराला कडी नसेल तर चोरही त्याच दाराने येतो. 2012 मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने ऑटोलिस्पमध्ये लिहिलेला एक किडा उघडकीस आणला. त्याचं नाव मेड्रे. तो प्रामुख्याने पेरूमध्ये पसरला होता. ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये तो फाइल होऊन बसे, आणि ड्रॉइंग उघडलं की ते ईमेलने चीनमधल्या खात्यांवर पाठवून देई. आराखडा काढणाऱ्याला पत्ताही नसे. त्यानंतरच्या आवृत्त्यांत कुठल्या फोल्डरमधले प्रोग्राम विश्वासाचे, हे ठरवायची सेटिंग आली. ती बंद करून ठेवू नये. कन्सल्टंटकडून आलेल्या झिप फाइलमध्ये ड्रॉइंगांशेजारी एखादी अनोळखी लिस्प फाइल दिसली, तर आधी फोन करून विचारावं.

आतापर्यंतची सगळी साधनं एका ड्रॉइंगवर, एका माणसाच्या डोळ्यांदेखत चालतात. ऑटोकॅड 2013 पासून त्याच्याबरोबर एक छोटा, खिडक्या नसलेला प्रोग्राम येतो, ‘एसीकोअरकन्सोल’. त्याला ड्रॉइंग आणि स्क्रिप्ट दिली की तो पडद्यावर काहीच न दाखवता, फार वेगाने काम उरकतो. एका साध्या बॅच फाइलमधून शंभर ड्रॉइंगं त्याच्यापुढे एकेक करून सोडता येतात. स्ट्रक्चरल कन्सल्टंटची नावं वेगळी, आपली वेगळी, सगळी बदलायची आहेत: याच कामाला हा लागतो. आणि माझी सर्वांत मोठी चूक इथेच झाली.

एका जुन्या वाड्याच्या दुरुस्तीचं काम होतं. बावीस ड्रॉइंगं. महिनाभर टेप आणि लेसर घेऊन मोजलेली, कारण तसल्या वाड्यात दोन भिंती काटकोनात मिळत नाहीत. त्यात भिंतींचे दोन लेअर होते: ए-वॉल-ई, म्हणजे राहणाऱ्या, आणि ए-वॉल-डी, म्हणजे पाडायच्या. कन्सल्टंटला वेगळी नावं हवी होती. मी लिस्पमध्ये गाळणी लिहिली: आठ क्रमांकापुढे ‘ए-वॉल’ने सुरू होणारं नाव असलेली प्रत्येक वस्तू उचल आणि नव्या लेअरवर टाक. ‘ने सुरू होणारं’ यासाठी नावापुढे एक चांदणी टाकली. त्या एका चांदणीने ई आणि डी दोन्ही गोळा केले. मग स्क्रिप्टने रिकामे झालेले लेअर साफ केले आणि फाइल जतन केली. बावीस वेळा.

ऑटोकॅड जतन करताना आधीची प्रत ‘बॅक’ फाइल म्हणून ठेवतो, तेवढी तरी असायला हवी होती. पण सोळाव्या फाइलवर स्क्रिप्ट अडखळली होती, म्हणून मी ती पहिल्यापासून पुन्हा चालवली होती. दुसऱ्यांदा जतन होताना पहिल्या पंधरा फाइलींच्या ‘बॅक’ प्रतीही बिघडलेल्याच झाल्या. एकही रेषा हरवली नव्हती. सगळ्या भिंती इंचाइंचाला आपल्या जागी होत्या. कुठली राहणार आणि कुठली जाणार, एवढंच पुसलं गेलं होतं.

काका रागावले नाहीत. त्यांनी स्टुलावर बसून पंधराही ड्रॉइंगांचे प्रिंट काढायला सांगितले आणि लाल पेन्सिल हातात घेतली. आम्ही दोघं साइटवरचे फोटो आणि त्यांची जुनी वही समोर ठेवून एकेक भिंत ठरवत गेलो. तीन दिवस लागले. मागच्या पडवीच्या भिंतीपाशी आम्ही अडलो. फोटोत ती कुजलेल्या तुळईखाली दिसत होती आणि वहीत तिच्याबद्दल काहीच नव्हतं. शेवटी काकांनी मला वाड्यावर पाठवलं. मी भिंतीजवळ गेलो तेव्हा तिच्यावर खडूने ओढलेली फुली नव्हती. पाडायच्या प्रत्येक भिंतीवर आम्ही ती ओढत असू. मी काकांना फोन केला. “राहणारी आहे,” मी म्हणालो. पलीकडे लाल पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज आला.

त्या प्रोग्रामची सध्याची आवृत्ती नावात शेवटचं अक्षर दिसलं की थांबते आणि कुठली नावं कुठे जाणार त्याची यादी दाखवते. यादी वाचून ‘हो’ टाइप केल्याशिवाय ती एकाही रेषेला हात लावत नाही, आणि चालते ती नेहमी वेगळ्या फोल्डरमधल्या प्रतींवर.